त्यानं कोकरू खाली धरलं होतं

हवालदार या उन्हाळ्यात गेले. ते आमचे कुणी नव्हते. ना भावकीतले, ना गावचे. जत तालुक्यातल्या कोरड्या माळावरचा धनगर माणूस, घरात अर्धं कानडी बोलणारा. सैन्यातून हवालदार होऊन आले आणि पेन्शन असूनही पुन्हा मेंढरांमागं लागले. दरवर्षी उसाला तुरे आले की मेंढरं घेऊन खाली आमच्या कऱ्हाडच्या बाजूला उतरायचे, आणि सगळ्यांत आधी माझ्या रानात मेंढ्या बसवायचे.

माझा नवरा त्यांच्यामुळं मेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी अडायला नको.

आणखी एक सांगायला हवं. माझा नातू ओंकार पुण्यात एका कंपनीत आहे. ती कंपनी सैन्यासाठी यंत्रं बनवते, आणि यंत्राला डोळे द्यायचं काम ओंकारचं. समोर दिसतंय ते माणूस आहे, जनावर आहे की झाड आहे, हे तो यंत्राला शिकवतो. आत्तापर्यंत यंत्र बघायचं आणि गोळी घालू का म्हणून माणसाला विचारायचं. आता ते विचारणं काढून टाकायचं काम निघालं होतं. यंत्रानंच बघायचं, यंत्रानंच ठरवायचं. त्या कामावर ओंकारला घेणार होते. तो म्हणाला, आजी, तू हो म्हण, मग मी हो म्हणतो. मी हो म्हणणार याची त्याला खात्री होती. नवरा माझाच गेला होता ना.

ते हो की नाही गेल्या थंडीत ठरलं, आमच्या रानात, हवालदारांसमोर. पण आधी हवालदार कसे होते ते सांगते.

धोतर, वर सैन्यातला हिरवा स्वेटर, कोपराला भोकं पडलेला, त्यावर काळं घोंगडं आणि पायात काळे बूट. सकाळी उठल्यावर पहिलं काम बुटांना पॉलिश. डबी, ब्रश, फडकं, सगळं एका पिशवीत. अर्धा तास घासून बूट असे करायचे की त्यात त्यांच्या मिशा दिसायच्या. मग ते बूट घालून उठायचे आणि सरळ मेंढ्यांच्या लेंड्यांत जाऊन उभे राहायचे. माझा मुलगा एकदा म्हणाला, "आवं हवालदार, घाणीतच जायचं तर घासताय कशाला?" ते म्हणाले, "घाण रोजची हाय. मग पॉलिशबी रोजचं."

मेंढरांशी ते हिंदीत बोलायचे. जतची मेंढरं, त्यांना कुठली हिंदी. "आगे बढ" म्हटलं की ती बसायची. "थम" म्हटलं की चालू लागायची. हवालदार कधी रागावले नाहीत. म्हणायचे, "रंगरूट हायती, नवी भरती. शिकतील." मेंढी म्हातारी होऊन मरायला टेकली तरी ती रंगरूटच.

आणि ते मेंढरं मोजायचे नाहीत. संध्याकाळी जाळीच्या कुंपणात मेंढरं आत घेताना सगळे धनगर मोजतात. हे फटीजवळ उभे राहायचे आणि एकेकीचं तोंड बघून आत सोडायचे. त्यात अंधार व्हायचा. बरोबरचे धनगर वैतागायचे. गावातल्या कुणी विचारलं, किती मेंढरं हवालदार, तर उत्तर एकच, "हायती समदी." मी एकदा म्हटलं, "मोजा की पटकन. चुलीवरचं गार होतंय." तर म्हणाले, "वैनी, मोजून एक कमी हाय येवढं कळतंय. कुठली कमी हाय ते कुठं कळतंय? हुडकायला जाताना काय म्हणून हाक मारू?"

मेंढ्या रानात बसवल्या की रानाला खत होतं, म्हणून शेतकरी धनगराला धान्य देतो. रीत आहे ती. हवालदारांनी माझ्याकडून कधी दाणा घेतला नाही. मी पोतं पुढं केलं की दोन्ही हात मागं घ्यायचे आणि "बेडा वैनी, बेडा" म्हणायचे. कानडीत नको म्हणतात ते. मला फुकटचं खत नको होतं. ते निघायच्या दिवशी मी मुलाकडून पोतं त्यांच्या घोडीवर बांधून घ्यायची. ते शिवेवरच्या देवळापर्यंत जायचे आणि पोतं तिथं उतरवून पुढं निघायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. देवळातला गुरव तेवढा माझ्या ज्वारीवर धष्टपुष्ट झाला.

पहिल्यांदा आले ते पेटी घेऊन. जवान गेला की त्याची काळी पत्र्याची पेटी पलटणीतला सोबती घरी आणतो. मी तेव्हा जेमतेम विशीतली, मुलगा अंगावर पिणारा. अंगणात सगळी भावकी जमलेली. त्यांनी पेटी खाली ठेवली, सॅल्यूट केला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पहाऱ्यावरचा संत्री मी हुतो. बंदूक माझ्या हातात हुती. मी गोळी घातली न्हाई, म्हणून ह्यो गेला."

असं कुणी सांगत नाही. येणारा सांगतो, शूर होता, पुढं होता, त्रास झाला नाही. कुणी विचारलेलं नसताना हा माणूस उभा राहून हे सांगत होता. सासूनं हातातला तांब्या त्यांच्या अंगावर फेकला. तो लागला तरी ते हलले नाहीत. सासरे म्हणाले, चालते व्हा. मी एवढंच विचारलं, "का न्हाई घातली?"

"त्याच्या हातात कोकरू हुतं," ते म्हणाले.

मला वाटलं वेड लागलेला माणूस आहे. मी म्हटलं, "निघा."

ते निघाले. पण सुट्टी मिळाली की यायचे. अंगणात उभे राहायचे, सासऱ्यांच्या शिव्या ऐकायचे आणि जायचे. सैन्यातून सुटल्यावर मेंढरं घेऊन आले. सासरे शिव्या देत राहिले, पण मेंढ्या बसू दिल्या. म्हणाले, "त्याच्यावर राग हाय. लेंड्यांवर कशाला काढू?" त्या वर्षी रान असं पिकलं की पुढच्या वर्षी शिव्या थोड्या कमी झाल्या.

मी कधी त्यांना माफ केलं नाही. त्यांनी मागितलीही नाही. लोकांना वाटतं, इतकी वर्षं माणूस येतो म्हणजे काहीतरी विरघळलं असेल. तसं काही नाही. मी चहा द्यायची. थंडीत कुणालाही देते.

आमच्याकडं थंडीत पहाटे कृष्णेवरून धुकं चढतं. आधी नदीकाठचा ऊस जातो, मग विहिरीवरची नारळाची झाडं, मग बांध. मेंढरं रानात बसलेली असली की ती दिसत नाहीत, फक्त ढेकळांतून वाफ निघतेय असं वाटतं. मधेच एखादी शिंकते, मग कळतं की रान जिवंत आहे. अशा सकाळी हवालदार चहाची कपबशी हातात घेऊन बांधावर उभे राहायचे आणि त्या दिवसाची गोष्ट सांगायचे. मी विचारलेलं नसायचं. चहा गार होईपर्यंत सांगायचे, मग गार चहा एका घोटात संपवायचे.

गोष्ट अशी. सरहद्दीवरची चौकी. उतारावर धुकं. खाली ओढा, तिथं माझा नवरा पाणी भरायला गेलेला. धुक्यातून मेंढरांचा कळप वर येताना दिसला, पुढं एक माणूस, अंगावर घोंगडी. तिथं दोन्ही बाजूंचे लोक मेंढरं चारतात, कुठली रेघ ते मेंढरांना कळत नाही. हवालदारांनी "थम" म्हणून हाक दिली. माणूस थांबला. त्याच्या हातात नुकतं जन्मलेलं कोकरू होतं. आणि थांबल्याबरोबर त्यानं ते कोकरू खाली केलं, जमिनीपासून वीतभर उंच धरलं, मागच्या मेंढीच्या नाकासमोर.

हे धनगरालाच ठाऊक. कोकरू छातीशी घेतलं तर मेंढीला वाटतं ते गेलं, आणि ती माघारी व्यायल्या जागी पळते. खाली धरलं, वास देत राहिलं, तर ती मागोमाग येते. कुणी शिकवत नाही. हात आपोआप खाली जातो. हवालदारांनी ते बघितलं आणि बंदूक खाली केली. सरहद्दीपलीकडचा असो, धनगर आहे, त्यांना वाटलं. त्यांनी हातानं खूण केली, जा माघारी. तेवढ्यात कळपामागून बंदूकवाले उठले. त्यांची पहिली गोळी ओढ्यावर गेली.

तो माणूस खरा धनगर होता, की शिकवून पाठवलेला, की कुणी पाठीला बंदूक लावून चालवलेला, हे हवालदारांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या गोंधळात तो कुठं गेला तेही कळलं नाही. कोकरू तेवढं तिथं राहिलं.

गोष्ट दरवर्षी तीच, पण तशीच नसायची. एका वर्षी धुकं असायचं, एका वर्षी बर्फ. कोकरू एकदा काळं, एकदा कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. एकदा ते मेलेलं सापडलं, एकदा ते हवालदारांनी मोज्यात घालून जगवलं. मी एकदा म्हटलं, "मागल्या वर्षी मेलं हुतं की." ते म्हणाले, "मेलं असंल मग." मला वाटतं ते झोपेत तिथं जात होते, आणि जे दिसेल ते माझ्याकडं आणून टाकत होते.

मलाही तो डोंगर दिसायला लागला. अजून दिसतो. माझ्या स्वप्नातल्या त्या डोंगराच्या पायथ्याला ऊस असतो, कारण मी दुसरं फारसं काही पाहिलेलं नाही. उसाला तुरे आलेले असतात आणि सगळं पांढरं असतं. माणूस वर येत असतो. चेहरा नसतो त्याला, हात असतात. मी खाली ओढ्याकडं बघायचं म्हणते, पण मान वळत नाही.

अलीकडं गावातली पोरं हवालदारांना मोबाइलवर लढाया दाखवायची. परक्या देशातल्या. वरून उडणाऱ्या यंत्रानं काढलेली चित्रं. शेतातून एकटा माणूस पळतोय, यंत्र त्याच्या मागं. माणूस दमतो, बसतो, वर बघतो. कुणी हात जोडतो, कुणी काठी फेकतो. मग धूर. पोरांना त्याचं काही वाटत नव्हतं, ती पुढचं लावायची. हवालदार म्हणायचे, "थांब गड्या. मागं घे." त्या वर बघणाऱ्या तोंडापाशी ते चित्र थांबवायला लावायचे आणि फोन डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. मग विचारायचे, "ह्यो वर बघतोय, पर ह्याला कोण दिसतंय?"

"कोण न्हाई. ड्रोन दिसतंय."

"मग हात कुणाला जोडतोय?"

पोरं हसायची. हवालदार पण हसायचे, पण फोन लगेच परत द्यायचे नाहीत.

गेल्या थंडीत ओंकार सुट्टी काढून आला, ते हो घ्यायलाच. बरोबर छोटं ड्रोन होतं, ताटाएवढं. सकाळी धुकं अर्धं उठलेलं होतं, तेव्हा त्यानं ते रानावर उडवलं. गांधीलमाशीसारखा आवाज. मेंढ्या एका बाजूला सरकल्या. बांधावर बसून त्यानं मला फोनवर दाखवलं. वरून आमचं रान मी पहिल्यांदाच पाहिलं. धुक्याच्या फाटक्या गोधडीतून मेंढरं दिसत होती, आणि प्रत्येकीभोवती पिवळी चौकट उमटत होती. मेंढी, मेंढी, मेंढी.

"हवालदार आज्जा कुठं आहेत?" ओंकारनं विचारलं.

ते मधेच होते. घोंगडं डोक्यावरून घेऊन एका व्यायलेल्या मेंढीजवळ उकिडवे बसले होते. त्यांच्याभोवतीही तीच पिवळी चौकट होती. यंत्रानं त्यांना मेंढी धरलं होतं.

मी हसले. ओंकारचं तोंड उतरलं. हवालदारांना बोलावून दाखवलं, तर त्यांनी चौकटीतलं आपलं घोंगडं नीट बघितलं आणि म्हणाले, "बराबर हाय की. पन्नास वर्सं हितंच हाय मी."

ओंकारला ते लागलं. पोरगा हुशार आहे आणि हट्टीही. दिवसभर लॅपटॉप घेऊन बसला, जेवायला दोनदा हाका माराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उडवलं. हवालदारांना तो म्हणाला, कसंही बसा. ते घोंगड्यात बसले, मेंढ्यांत आडवे झाले, चार पायांवर चालले. त्या वयात. मी म्हटलं, "उठा, थंडी बाधंल," पण त्यांना मजा वाटत होती. यंत्र एकदाही चुकलं नाही. दर वेळी त्यांच्याभोवती लाल चौकट, माणूस. शेवटी त्यांनी रात्री जन्मलेलं कोकरू हातात घेतलं आणि खाली धरून चालू लागले. मागं मेंढी. यंत्रानं तेही ओळखलं. माणूस, कोकरू, मेंढी, तीन वेगळ्या चौकटी. धुक्यात त्या चौकटी एकीमागं एक हलत गेल्या. मी ते बघत होते आणि मला वाटलं, मी झोपेत आहे. हा तोच डोंगर.

ओंकार खूश होता. म्हणाला, "बघितलंत? माणसाला धुक्यात इतकं दिसत नाही."

हवालदार कोकरू मेंढीजवळ सोडून बांधावर आले. दम लागला होता. म्हणाले, "लय चांगलं हाय. आता ह्याला बंदूक बसवली, आन मी तिकडनं आलो. मला मारंल का सोडंल?"

"नुसतं कोकरू घेतलेला माणूस असेल तर सोडेल."

"आन माझ्या मागं मेंढरांत माणसं असली तर?"

ओंकारनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "यंत्राला मेंढरांतली माणसं दिसतात, आज्जा. तुम्हाला दिसली नाहीत. त्यांच्या बंदुका दिसतात. ते थांबणार नाही."

"फुडच्यालाबी मारंल?"

"सगळ्यांना. तो त्यांच्यातलाच धरला जाणार."

"नसला तर?"

"ते कुणालाच कळत नाही. तुम्हाला अजून कळलंय का?"

हवालदार म्हणाले, "न्हाई."

"मग?" ओंकार म्हणाला. आता त्याचा आवाज जरा चढला होता. त्याचं चुकत नव्हतं, त्यानं आजोबांचा फक्त फोटो पाहिलाय. "तुमच्या जागी हे असतं तर आजोबा वाचले असते. आजीनं माझ्या बाबांना एकटीनं वाढवलं नसतं. मला एवढंच करायचंय. दुसऱ्या कुणाचा आजोबा वाचवायचाय. ह्यात वाईट काय आहे ते सांगा."

हवालदारांनी बुटाला लागलेली लेंडी काडीनं काढली. मग म्हणाले, "वाईट न्हाई. ते असतं तर लय बरं झालं असतं."

ओंकारला हे अपेक्षित नव्हतं. मलाही नाही.

"तुझा आजा वाचला असता," हवालदार म्हणाले, "आन मला झोप लागली असती. मी म्हणालो असतो, मी कुठं काय केलं? मशीननं केलं. बंदूक हातात नसती तर मी घरी जाऊन निवांत मेंढरं वळली असती. वैनीच्या दारात कशाला आलो असतो? व्हय म्हण तू. माझ्यासारख्याला सुटका हाय त्यात."

ओंकार माझ्याकडं वळला. "आजी, आता तर आज्जाच म्हणतात."

मला राग आला. दोघांचाही. म्हातारा इतकी वर्षं माझ्या अंगणात येऊन उभा राहिला, आणि आज म्हणतो सुटका पाहिजे होती. पण मी काही बोलायच्या आत हवालदारांनी मला विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिलाच खरा प्रश्न.

"वैनी, माझ्या जागी तुमी असता तर?"

"घातली असती," मी म्हटलं.

मी बोलत राहिले.

"त्यात इचार करायचं काय हाय? माझा माणूस खाली पाण्यावर गेलाय आन धुक्यातनं कोणतरी वर येतंय. मला येवढंच पुरलं असतं. तुमी हाक मारली. मी हाकबी मारली नसती. कोकरू हाय का, मेंढी मागं येती का, खरा हाय का खोटा, मी बघत बसले नसते. मागं बंदूकवाले नसते तरी घातली असती. आन वर सांगते, मला झोपबी लागली असती. त्याची बायको कुठं असंल, तिला कोण सांगायला जाईल, माझ्या मनातबी आलं नसतं."

हवालदार माझ्याकडं बघत होते. शिव्या ऐकताना बघायचे तसेच.

मी ओंकारला म्हटलं, "तू म्हणतूस यंत्र थांबणार न्हाई. मीबी थांबले नसते. तुझं यंत्र माझ्यासारखं हाय बाळा. आपलं माणूस वाचलं की झालं, फुडं कोण का असंना. मी चुलीम्होरं बरी हाय. रागानं एखादं भांडं आपटीन, त्यापरीस जास्त काय करणार? पर मला सरहद्दीवर नेऊन उभी करू नगंस. आन एक न्हाई, तुमी माझ्यासारख्या हजार करणार."

"आजी, तुला आजोबा परत नको होते का?"

"तुझा आजा मला आजबी पायजे," मी म्हटलं. "म्हणूनच माझ्या हातात बंदूक देऊ नगंस."

ओंकार उठला आणि ड्रोन उचलून त्याच्या पात्यांना लागलेली माती पुसत राहिला. बरंच पुसून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे नाही."

"न्हाई."

"आणि उद्या पलीकडच्यांनी असलं केलं तर? ते तर आजीला विचारणार नाहीत."

धुकं उठलं होतं, उन्हात मेंढ्यांच्या पाठीवर दव चमकत होतं आणि ते बघत आम्ही तिघं उभे होतो, एकमेकांवर चिडलेले.

चार दिवसांनी हवालदार निघाले. त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की मेंढ्यांचा नुसता आवाज चालत होता. मी सवयीनं पोतं काढलं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "वैनी, तुमी त्या दिवशी बोलला ते खरं? हाक बी मारली नसती?"

"खरं."

"मग मी इतकी वर्सं उगाच येत हुतो," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुमी म्हणताय, मी चुकलो."

"चुकलाच," मी म्हटलं. "माझा माणूस गेला. पर मी तिथं असते तर मीबी चुकले असते. दुसऱ्या कुणाचा तरी गेला असता. आन मी कुणाच्या दारात गेले नसते. तुमी आला."

हवालदारांनी मान हलवली. काहीतरी हिशोब जमला की जमला नाही, कळलं नाही. घोडीचा दोर सोडला, मेंढ्यांना "आगे बढ" म्हणाले. त्या बसल्या. ते उभे राहिले. थोड्या वेळानं त्या आपल्या मनानं उठल्या आणि सगळं धुक्यात गेलं. आधी घोडी, मग घोंगडं, शेवटी बूट.

उन्हाळ्यात त्यांच्या पुतण्याचा फोन आला. सकाळी बूट घासायला बसले होते, तिथंच कलंडले. मी रडले नाही. दिवसभर मात्र काही सुचलं नाही. दोनदा चहा जास्तीचा टाकला.

संध्याकाळी ओंकारला फोन करून सांगितलं. तो ऑफिसातच होता. मग म्हणाला, "आजी, ते काम सुरू झालंय. मी नाही म्हटल्यावर दुसरा घेतला. माझ्यापेक्षा चांगलं करतोय."

"कुठला हाय?"

"आपल्याच बाजूचा. वाळव्याचा. वडील सैन्यात होते त्याचे." मग म्हणाला, "मी नाही म्हणून काय उपयोग झाला, सांग. तू त्या दिवशी एवढं बोललीस. पुढं काय झालं? काही नाही."

तो खरंच विचारत होता, त्यामुळं खोटं समाधान सांगावंसं वाटलं नाही. मी विचारलं, "त्याला आजी हाय का?"

"कुणाला?"

"त्या वाळव्याच्या पोराला."

"मला काय माहीत. मी असं कसं विचारू?"

"कसं म्हंजे? तोंडानं. तिथंच बसलाय न्हवं?"

"समोरच्या खोलीत आहे."

"मग जा, विचारून ये. असली तर तिचा नंबर आण. तिच्याशी मी बोलते. तवर फोन धरते."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फोन टेबलावर ठेवल्याचा. त्यातून यंत्रांची एकसारखी घुमघुम येत होती, लांबून, नदीपलीकडून आल्यासारखी, आणि त्या घुमघुमीत ओंकारची पावलं लांब जात होती. मी फोन कानाला लावून उभी राहिले.